हजेरी तिची, वही कोणाची?

सकाळी सहा वाजता कोथरूडच्या पौड रस्त्यावर उभे राहिले की हे उपनगर कोणाच्या कष्टावर उठते ते दिसते. केळेवाडी, किष्किंधानगर, जय भवानीनगर, सुतारदरा या वस्त्यांमधून बायका भराभर खाली उतरत असतात. पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि साधा मोबाईल. सातच्या आत पहिल्या घरची भांडी झाली पाहिजेत, कारण त्या घरातील मंडळी आठ वाजता हिंजवडीच्या कंपनीकडे निघतात. या वस्त्यांत आमचा बौद्ध समाज आहे, मातंग समाज आहे, दुष्काळात गाव सोडून आलेली मराठवाड्यातील कुटुंबे आहेत. ज्या कोथरूडमध्ये एके काळी शहराचा कचरा येऊन पडत होता, त्या कचरा डेपोच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंतची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. मेट्रो आली, जागेचे भाव वाढले, वस्तीतला उतार मात्र तेवढाच चढणीचा राहिला.

या बायका सोसायटीच्या गेटवर पोहोचल्या की थांबतात. पूर्वी वॉचमन ओळखीचा असे, मान डोलावली की आत. आता गेटवर एक टॅब असतो. त्यावर प्रत्येकीने आपला सहा आकडी नंबर दाबायचा. दाबला की तिचा फोटो झळकतो आणि त्याच क्षणी वर फ्लॅटमध्ये मालकिणीच्या मोबाईलवर निरोप जातो की बाई गेटमधून आत आली. जाताना पुन्हा तेच. अशी ॲप चालवणाऱ्या कंपन्यांपैकी मायगेट ही बंगळूरची कंपनी २०१६ साली सुरू झाली, नोब्रोकरहूड त्यानंतर आली, आणि आज पुण्याच्या पश्चिम भागात असे ॲप नसलेली मोठी सोसायटी शोधावी लागते. पाहुणा, कुरिअरवाला, स्विगी-झोमॅटोचा मुलगा, गॅसवाला, पेपरवाला आणि आमच्या या माताभगिनी, सर्वांची नोंद त्यात होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची गाडी मात्र काचेवरचा स्टिकर पाहून सरळ आत जाते. कोणाला थांबवायचे आणि कोणाला नाही हे ॲप येण्यापूर्वीच ठरलेले होते, हे सुज्ञ वाचकांना सांगणे न लगे.

आमच्या ओळखीच्या एक भगिनी अशाच एका सोसायटीत तीन घरी धुणीभांडी करतात. गेल्या पावसाळ्यात एका घरच्या बाईंनी महिन्याच्या शेवटी चार खाडे धरून पैसे कापले. आमच्या भगिनीचे म्हणणे असे की खाडे दोनच झाले, मुलीला ताप होता म्हणून. उरलेल्या दोन दिवशी ती गेली होती, बेल वाजवली, दार उघडले नाही, म्हणून ती दुसऱ्या विंगमधल्या घरी कामाला गेली. वाद साधा होता आणि त्याचा निकालही साधा होता. गेटवरच्या टॅबमध्ये तिची येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ मिनिटांसह नोंदलेली होती. ती वॉचमनला म्हणाली, दादा, त्या दोन दिवसांचे जरा काढून दाखवा. वॉचमन म्हणाला, ताई, मला दिसत नाही, ते वर फ्लॅटवाल्यांच्या मोबाईलमध्ये दिसते. म्हणजे नोंद तिची, फोटो तिचा, बोट तिचे, आणि पाहण्याचा हक्क तिचे पैसे कापणारीचा.

आम्ही तिच्यासोबत कमिटीकडे गेलो. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. आमच्या भगिनीला खुर्ची मिळाली की नाही हे विचारू नका, ती दाराशी उभी राहिली आणि आम्ही बस म्हटल्यावरही उभीच राहिली. सेक्रेटरींचे म्हणणे असे की ही सुरक्षेची व्यवस्था आहे, कामवाल्यांच्या पगाराशी तिचा संबंध नाही आणि सिस्टीममध्ये कामवाल्यांना नोंद दाखवण्याची सोयच नाही. ‘सिस्टीम तशी आहे’ हे वाक्य त्यांनी तीन वेळा उच्चारले. आम्हाला त्यांचा राग आला नाही. आमच्या आजोबांनाही हेच सांगितले जात होते, फक्त तेव्हा सिस्टीमऐवजी रूढी हा शब्द होता.

येथे थोडा इतिहास आठवणे भाग आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात वेशीवरची राखण महाराकडे होती. गावात कोण आले, कोण गेले, परका कोण, चोरीचा माग कोठे जातो, हे सर्व येसकराला ठाऊक असावे लागे. गावाची सगळी खबर ज्याच्या डोक्यात, त्याचे घर मात्र वेशीबाहेर. त्याच्या माहितीचा उपयोग पाटलाला, कुलकर्ण्याला, सरकारला. त्याला स्वतःला त्यातून मिळायची ती शिळी भाकर आणि वतनाचा तुकडा. कामाला वेळेची मर्यादा नव्हती, हाक आली की निघायचे, बाप घरी नसेल तर मुलाने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच गुलामगिरीवर बोट ठेवण्यासाठी. कनिष्ठ गावकामगारांची ती वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

पेशवाईतील पुण्याबद्दल तर आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू सर्वांच्या लक्षात आहे. परंतु बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. अस्पृश्याने मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा बांधला पाहिजे असा दंडक होता, म्हणजे चुकून स्पर्श होण्यापूर्वीच समोरच्याला ओळख पटावी. तो दोरा विटाळाचा बंदोबस्त म्हणून सांगितला जाई. प्रत्यक्षात ती ओळख पटवण्याची व्यवस्था होती. ओळख एकाच बाजूने पटवायची होती. समोरून येणाऱ्याच्या मनगटावर काही बांधलेले नसे.

इंग्रजांनी हीच गोष्ट कागदावर आणली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचे तर पास काढावा लागे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा उठला, माणसे विमुक्त झाली. पण आजही गावाकडे चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम कोणत्या पालाकडे जाते हे त्या समाजाच्या कार्यकर्त्यांना विचारावे. वहीतून नाव खोडले गेले तरी संशय राहतो. म्हणून ‘नोंदच तर आहे, त्यात काय एवढे?’ असे जेव्हा कोणी आम्हाला म्हणतो, तेव्हा आम्हाला हसू येत नाही.

मनगटावरच्या दोऱ्याची गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. ज्या नागपुरात १९५६ साली आमचा नवा जन्म झाला, त्याच शहराच्या महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. चंदीगड आणि पंचकुला येथेही हेच झाले. घड्याळ कामगार कोठे आहे हे कार्यालयातील पडद्यावर दाखवते. ठरलेल्या हद्दीबाहेर गेला तर तेही कळते, आणि पगाराचा हिशेब त्यावर चालतो. बॅटरी संपली, रेंज गेली, तर त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा? चंदीगड-पंचकुल्याच्या भगिनींनी विचारले की यात कॅमेरा आहे का, आमचे बोलणे ऐकू जाते का, आम्ही संडासला गेलो तरी कोणी पाहते का? उत्तर देणाऱ्यांना हे प्रश्न अडाणीपणाचे वाटले. आम्हाला ते अत्यंत शहाणपणाचे वाटतात. हातातल्या वस्तूत काय आहे, ती काय ऐकते, कोणाला सांगते, हा प्रश्न सॉफ्टवेअर कंपनीत लाखो रुपये पगार घेणारा माणूसही आपल्या मोबाईलबद्दल विचारत नाही. आणि साहेबांच्या मनगटावर, आरोग्य निरीक्षकाच्या मनगटावर, ठेकेदाराच्या मनगटावर असे घड्याळ का नाही? सफाई कामगार गटारात गुदमरून मरतो तेव्हा ठेकेदार कोठे होता, हे शोधायला एखादे जीपीएस उपयोगी पडले असते.

पुन्हा कोथरूडच्या गेटवर येऊ. या ॲपमध्ये केवळ वेळ नोंदली जात नाही. कामवाल्या बाईंची यादी असते, त्यात फोटो, नाव, ती कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम करते ही माहिती, आणि कित्येक ठिकाणी तिला तारे देण्याची सोय. हॉटेलला देतात तसे तारे. तिने पगारवाढ मागितली, दोन शब्द उलट बोलली, सणाच्या दिवशी आली नाही, की एक तारा कमी. नवी बाई शोधणारे कुटुंब प्रथम तारे पाहते. तिला कोणी कमी तारे दिले, का दिले, हे तिला समजत नाही. समजले तरी उत्तर द्यायला जागा नाही. आणि तिने ज्या घरात काम केले त्या घराला तारे द्यायची सोय आम्ही तरी कोठे पाहिलेली नाही. पगार बुडवणारे घर, शिळे अन्न देणारे घर, वेगळा कप ठेवणारे घर, ज्या घरात एकट्या मुलीने जाऊ नये ते घर, याची यादी वस्तीतल्या नळावर असते. ती तोंडी यादी आहे. तिच्यामुळे कित्येक मुली वाचल्या आहेत, पण तिला सॉफ्टवेअर कोणी बनवले नाही, कारण त्या सॉफ्टवेअरचे पैसे कोण देणार?

शिवाय कामावर ठेवताना पोलीस पडताळणी, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांना आधार मागू देणारी कायद्यातील तरतूद रद्द केली होती. नंतर २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून स्वेच्छेने आधार देण्याचा रस्ता उघडला गेला. स्वेच्छेने! ज्या बाईला उद्यापासून चार घरचे काम हवे आहे तिची स्वेच्छा म्हणजे काय, हे कायदा करणाऱ्यांनी एक दिवस गेटवर उभे राहून पाहावे. मालक कोण आहे, त्याच्यावर कोणते गुन्हे आहेत, मागच्या बाईचे पैसे त्याने दिले का, याची पडताळणी बाईने कोठे करायची?

आमचे एक मित्र संगणक क्षेत्रात आहेत, कार्यकर्तेही आहेत. ते आम्हाला म्हणाले, खासगीपणा वगैरे पोट भरलेल्यांची चैन आहे, आपल्या लोकांचे प्रश्न रोटीचे आहेत, तुम्ही कोठे या भानगडीत पडता? हा युक्तिवाद नवा नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्र सरकारच्या बाजूनेही जवळपास असेच सांगितले गेले होते की गरिबांच्या देशात खासगीपणाचा हक्क ही वरच्या वर्गाची कल्पना आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या मुख्य निकालपत्रात गरिबाला फक्त भाकर हवी असते, हक्क नको असतात, हा विचार साफ फेटाळला.

पण आमच्या मित्राला आम्ही न्यायालयाचा दाखला दिला नाही, बाबासाहेबांचा दिला. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा मसुदा संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी तयार केला. त्यातील मूलभूत हक्कांत त्यांनी एक कलम घातले होते: नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची वाटेल तशी झडती वा जप्ती होता कामा नये. ज्या समाजाकडे घर म्हणावे असे घर नव्हते आणि कागद म्हणावा असा कागद नव्हता, त्या समाजाच्या नेत्याने घराच्या आणि कागदाच्या संरक्षणाची मागणी केली, हे लक्षात घ्या. पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी याच अर्थाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेब म्हणाले की फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आहेच, परंतु संविधानात घातले तर उद्याच्या कायदेमंडळाला ते काढता येणार नाही, म्हणून ते उपयुक्त आहे. त्यांची तयारी होती, सभागृहाची नव्हती. दुरुस्ती अखेर नामंजूर झाली. खासगीपणा ही चैन असती तर बाबासाहेबांनी त्यासाठी आपला वेळ घालवला असता काय?

कागदपत्रे आज मोबाईलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये असतात. त्यांचे काय होऊ शकते हे पुण्यात सुरू झालेल्या एका खटल्याने दाखवले. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव घडले, आणि पुढच्या काही महिन्यांत कार्यकर्ते, वकील, लेखक यांच्या घरांवर छापे पडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनेच जाहीर केले की इस्रायली कंपनीचे पेगासस वापरून जगभरातील सुमारे १४०० जणांच्या फोनना लक्ष्य केले गेले. भारतात ज्यांनी आपल्याला असा निरोप आल्याचे सांगितले त्यांत आनंद तेलतुंबडे होते. त्यांना अटक झाली ती १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना उच्च न्यायालयाचा जामीन मिळाला. त्याच प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की बाहेरून घुसवलेल्या सॉफ्टवेअरद्वारे त्यात कागदपत्रे पेरली गेली होती. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि आरोपांची शहानिशा न्यायालयातच व्हायची आहे. आम्ही एवढेच म्हणतो की ज्या चळवळीने हे पाहिले तिने खासगीपणाला चैन म्हणू नये.

आता कायद्याकडे वळू. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी आणखी १८ महिन्यांची सवलत दिली गेली. कागदावर कायदा बरा दिसतो. माझ्याबद्दल तुमच्याकडे काय माहिती आहे ती दाखवा, चुकली असेल तर दुरुस्त करा, काम संपले असेल तर पुसून टाका, असे मागण्याचा हक्क त्यात आहे. आमच्या भगिनीने वॉचमनकडे जे मागितले ते नेमके हेच होते! तिने कायदा वाचलेला नव्हता. पण त्याच कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा मोठा अधिकार आहे, खोटी तक्रार करणाऱ्या सामान्य नागरिकाला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल तर नियमांबरोबर तत्काळ लागू झाला, त्याला १८ महिने थांबावे लागले नाही. शिष्यवृत्तीची यादी, घरकुलाची यादी, रेशनची यादी माहिती अधिकारात काढून आमच्या कार्यकर्त्यांनी किती चोऱ्या पकडल्या! आता वैयक्तिक माहिती म्हटले की अधिकाऱ्याला दार लावून घेता येते. जनहित मोठे असेल तर माहिती देण्याचे दुसरे कलम शिल्लक आहे असे सांगितले जाते, पण ते सिद्ध करण्याची पायपीट अर्जदाराची. बाईची माहिती उघडी आणि साहेबाची माहिती झाकलेली, असा हा खासगीपणा आहे.

आमच्यावर आक्षेप येईल की तुम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक आहात. हे खरे नाही. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. आज चैत्यभूमीवरचे, दीक्षाभूमीवरचे दृश्य आमचा मुलगा आपल्या मोबाईलवरून जगाला दाखवतो, त्याला कोणाच्या छापखान्याची परवानगी लागत नाही. खेड्यातल्या अत्याचाराची बातमी तासाभरात मुंबईला पोहोचते. हे मोबाईलने केले, त्याला आम्ही नाही कसे म्हणू? नोंदीलाही आमचा विरोध नाही. ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब नाही, हे आमच्याइतके कोणाला कळणार?

पुण्यानेच नोंदीचा दुसरा नमुना दाखवलेला आहे. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या या स्त्रियांपैकी बहुसंख्य दलित. त्यांना चोर म्हणून हटकले जाई, पोलीस पकडत. संघटनेने महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवली. त्या कार्डावरही फोटो होता, नाव होते. परंतु कार्ड तिच्या कमरेच्या पिशवीत होते. अडवणाऱ्याला ती ते काढून दाखवू शकत होती, त्याच्या जोरावर पुढे विमा मागू शकली, आणि नंतर त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम अधिकृतपणे घेतले. फोटो तोच, नाव तेच. कार्ड कोणाच्या हातात, एवढाच फरक.

उलट कंपन्या कोणत्या दिशेने निघाल्या आहेत ते पाहा. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत मोलकरीण पाठवण्याची सेवा सुरू केली, नाव ठेवले इन्स्टा मेड्स, आरंभीची सवलत तासाला ४९ रुपये. टीका झाल्यावर नाव बदलून इन्स्टा हेल्प केले. कामगाराला यापेक्षा जास्त पैसे मिळतात असे कंपनीने सांगितले, ते खरेही असेल. आम्हाला ४९ रुपयांपेक्षा पंधरा मिनिटांची काळजी जास्त वाटते. हाक मारली की हजर! वतनदारीत हाक पाटील मारत होता. हाकेची वाट पाहत कोपऱ्यावर बसून राहण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात धरायचा, याचे उत्तर तेव्हा मिळाले नाही.

१९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्तपणे काम बंद ठेवले होते, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना जन्मली. मागण्या पगारवाढीच्या आणि रजेच्या होत्या. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमायला सांगितले. या सर्व ठिकाणी बाईपुढे एकच अडचण येते. ती कोठे, किती वर्षे, किती तास काम करते याचा पुरावा तिच्याकडे नसतो. पगाराची पावती नाही, नेमणुकीचे पत्र नाही. मालक एका वाक्यात म्हणू शकतो, ही आमच्याकडे कधी नव्हतीच. आणि आज तोच पुरावा, रोजचा, मिनिटांसह, फोटोसह, त्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये पडून आहे. ती नोंद बाईच्या हातात आली तर ती तिची हजेरीवही आहे. बोनस मागताना, खाड्याचा वाद निघताना, मंडळात नाव नोंदवताना तिला तेच उपयोगी पडेल.

मोलकरणींच्या संघटनांनी, आमच्या महिला आघाड्यांनी हा विषय हाती घ्यावा. महिन्याच्या शेवटी बाईला तिच्या हजेरीचा छापील कागद किंवा मोबाईलवर निरोप मिळाला पाहिजे, मराठीत. काम सुटले की तिचा फोटो आणि आधारची झेरॉक्स सोसायटीने ठेवता कामा नये. तारे देणारे असतील तर तिला कारण कळले पाहिजे आणि उत्तर देता आले पाहिजे, नाही तर ते तारे बंद. यासाठी कायदा पूर्ण लागू होण्याची वाट पाहण्याची गरज नाही, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरतो. कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये आमचेही अधिकारी, प्राध्यापक, इंजिनीअर बांधव आता फ्लॅट घेऊन राहतात. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्यांच्या मोबाईलमध्येही तेच ॲप आहे. सभेत हात वर करण्याची सुरुवात त्यांना करता येईल. त्यांच्यापैकी कितीजणांनी आपल्या घरी येणाऱ्या बाईला तिची नोंद दाखवली आहे, हे आम्हाला जाणून घ्यायला आवडेल.

आमच्या भगिनीच्या वतीने आम्ही कमिटीला लेखी अर्ज दिला आहे. त्या दोन दिवसांची नोंद मिळावी, एवढाच अर्ज. वार्षिक सभेपुढे ठेवू, असे उत्तर आले. कापलेले पैसे परत मिळालेले नाहीत. तिने ते घर सोडले नाही, सोडून चालणार नाही. तिने एक केले आहे. मुलीच्या शाळेची अर्धी कोरी वही घेतली आणि रोज संध्याकाळी मुलीकडून तारीख, घर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ लिहून घेते. वॉचमन कधी कधी, आजूबाजूला कोणी नसेल तर, त्यावर आपली छोटी सही करतो. गेल्या आठवड्यात तिने ती वही आम्हाला दाखवली. अकरा पाने भरली होती. दोन तारखांपुढे ‘खाडा’ असे लिहिले होते, तेही मुलीच्याच अक्षरात.